कोरडे पट्टे

आधी ते ‘हुशार’ खोड. हुशार काय, विचारून बघ कुठल्याही आईला, सगळ्यांच्याच मुली हुशार असतात. ‘चिडकी’ लिही. हां. तुझी आत्या चिडकी आहे आणि चिडायला तिला कारण आहे, एवढं आधी लिही, बाकीचं मागून येतंय. आणि मधेमधे ‘आजी, हे कशाला’ करायचं नाही. तू म्हणतेस दोन ओळींचं काम आहे. अगं, दोन ओळी लिहिल्या तर तिचे साहेब म्हणतील, म्हातारीनं पोरीसाठी काहीतरी रचून पाठवलं. ती कोण, कशी, काय करते, आमच्या घरात काय झालं, सगळं सरळ वाचू दे त्यांना. पेनात शाई आहे ना? मग झालं.

तर तुझी आत्या नदी मोजते. हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न, नावेत बसून का? नावेत कुठली, चौथ्या मजल्यावर बसून. मी एकदा गेले होते तिच्या ऑफिसात, जिने चढताना माझ्या गुडघ्यांनी मला चार शिव्या दिल्या. खोलीत तीन टेबलं, तीन संगणक, एक खिडकी, आणि ती खिडकी उघडते शेजारच्या इमारतीच्या जिन्यावर. नदी तिथून दिसत नाही, वास येत नाही, आवाज येत नाही. वरचा एसी मात्र गळतो, त्याच्याखाली बादली. त्या बादलीला तिच्या सोबतच्या पोरांनी लाल रंगाची रेघ मारून वर लिहिलंय, ‘धोक्याची पातळी’. मला वाचता येत नाही, तिनंच वाचून दाखवलं. म्हणाली, “आई, या ऑफिसात खरं पाणी एवढंच.”

ती कशी मोजते ते मला तिनं इतक्या वेळा सांगितलंय की आता मीच शिकवेन. आभाळात ते यंत्र फिरतं, उपग्रह. ते सोळा दिवसांनी एकदा आपल्या डोक्यावरून जातं आणि खालचा फोटो काढतं. फोटोत नदी दोऱ्यासारखी दिसते. तो दोरा कुठल्या दिवशी किती जाड, ते आत्या बघते. पाणी वाढलं की नदी पसरते, दोरा जाड होतो. उतरलं की बारीक. पण दोरा एवढा जाड म्हणजे पाणी नक्की किती चाललंय, ते काही फोटो बोलत नाही. ते संगणकाला शिकवावं लागतं. या तारखेला दोरा एवढा जाड होता, आणि त्याच तारखेला काठावरच्या माणसानं पाणी एवढं लिहून ठेवलंय. अशा शेकडो जोड्या त्याच्या डोक्यात घातल्या की मग तो नुसता फोटो बघून सांगतो, आज एवढं पाणी आहे म्हणून. जिथं काठावर माणूस नाही, मोजायचा खांब नाही, तिथलंही सांगतो. त्यासाठीच तर सगळा खटाटोप.

ऐकायला किती सोपं. पण पोरीच्या नाकी नऊ आलेत. पावसात नदी बघायची, तर पावसातच वर ढग. एकदा फोनवर मला म्हणाली, “आई, सोळा दिवस डोळ्यांत तेल घालून वाट बघितली, आणि फोटोत काय आलं? कापूस!” दुसऱ्या खेपेला वखारीचे पत्रे उन्हात चमकले, ते संगणकानं पाणी म्हणून धरले. म्हणजे वखारीतून नदी वाहायला लागली. ते निस्तरण्यात तिचा महिना गेला. रागावली की ती जेवत नाही, पेन्सिल चावते. लहानपणापासून. शाळेत असताना तिच्या एका पेन्सिलीला धड टोक नसायचं, एका बाजूनं शिसं, दुसऱ्या बाजूनं दातांच्या खुणा.

आणि हे सगळं ती कुणासाठी करते? खालच्या अंगाला, नदी जिथं वळून बाजाराच्या मागं जाते, तिथं माझी धाकटी बहीण राहते, तुझी मावशीआजी. तिथं मोजायचा खांब नाही. दोन वर्षांपूर्वी दुपारी ती भांडी घासत होती आणि मोरीतून पाणी उलटं आलं. बघता बघता कंबरभर. शेजारच्यांनी तिला टेबलावर उभी केली, टेबलावर स्टूल, स्टुलावर माझी बहीण. ती हसून सांगते म्हणून सगळे हसतात. आत्या हसली नाही. तिथून आली आणि म्हणाली, “चार तास आधी सांगता आलं असतं. चार तास, आई.” त्या दिवसापासून ती याच्या मागं लागली. खालच्या नदीचं पाणी फोटोवरून सांगायचं आणि लोकांना आधी कळवायचं. दोन वर्षं झाली. सुट्टी नाही, लग्नकार्य नाही. कुणी बोलावलं तरी हिचं ठरलेलं, “फोटो आलाय.”

आता तुझ्या आजोबांचं लिही. ते मला सांगायला जड जातंय, पण लिही.

हे नदीवर पाणी बघायच्या कामाला होते. एकतीस वर्षं. पंपघराच्या मागं पायऱ्या आहेत ना, तिथं पाण्यात उभा खांब, त्याच्यावर काळे-पांढरे पट्टे. एकूण तीस. रोज सकाळी आठ वाजता जायचं, पाणी कितव्या पट्ट्याला लागलंय ते बघायचं, वहीत लिहायचं. महिना भरला की वहीची नक्कल वरच्या ऑफिसात. बस, एवढंच काम. पण ह्यांनी ते कसं केलं विचारशील, तर लोक ह्यांच्यावरून घड्याळ लावायचे. आत्या लहान होती तेव्हा ह्यांचं बोट धरून जायची. पायरीवर बसून मोठ्यानं मोजायची. घरी आली की मला सांगायची, “आज नदी चौदा!” जशी काही नदी परीक्षेला बसली होती. निवृत्त झाले तेव्हा ह्यांना ते प्रमाणपत्र मिळालं, काचेत लावलंय ते. त्यात लिहिलंय म्हणे, एकतीस वर्षांत एकही खाडा नाही. हे गेले त्याला आता चार वर्षं झाली. आत्या घरी आली की आधी ती काच पुसते, मग चप्पल काढते. इतकं वेड.

तर आत्याच्या संगणकाला ज्या वहीवरून शिकवायचं होतं, ती वही ह्यांचीच. तिला तर आभाळ ठेंगणं झालं. म्हणाली, “बाबांनी मोजलेलं आणि मी बघितलेलं, दोन्ही जोडायचं!” जुने फोटो मागवले. वीस वर्षांचे, पंचवीस वर्षांचे. बसवायला लागली एकेक तारीख. सगळं कसं चपखल बसत गेलं. आणि एका ठिकाणी घोडं अडलं.

आठ रविवार झाले त्याला. ती आली, जेवायच्या टेबलावर मोठा कागद पसरला, त्यावर ठिपकेच ठिपके. म्हणाली, “आई, बघ. नदी पसरली की बाबांचा आकडा वाढतो. म्हणून हे सगळे ठिपके डावीकडून उजवीकडे वर चढतात. दिसतंय?”

मी म्हटलं, “दिसतंय. मुंग्यांची रांग भिंतीवर चढल्यासारखी.”

“बरोबर. आणि आता हे बघ.” तिनं चावलेल्या पेन्सिलीनं दाखवलं. “हे सात ठिपके. हे उतरतात. फोटोत नदी पसरलेली, आणि वहीत आकडा कमी. फोटोत नदी आटलेली, वहीत आकडा जास्त. एकाच वर्षातले, पाच महिन्यांतले. आधी ठीक, नंतर ठीक, मधेच नदीला काय वेड लागलं?”

मी विचारलं, “कुठलं वर्ष गं?”

तिनं सांगितलं, “मी हॉस्टेलवर होते ते. शेवटच्या परीक्षेचं.”

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो मी खाली ठेवला. मला कळलं, तिथल्या तिथं कळलं. आणि मी काय केलं? “जेव आधी, निवतंय” म्हटलं. मूग गिळून बसले.

काय झालं होतं ते आता नीट लिही, साहेबांना कळायला हवं.

त्या वर्षी पावसाच्या तोंडावर हे पंपघराच्या पायरीवरून घसरले. पाय मोडला, मांडीपर्यंत प्लास्टर, पाच महिने खाट. आत्याची परीक्षा होती, तिला कळवायचं नाही असं ह्यांनी मला बजावलं. तुझे बाबा तेव्हा कामासाठी दुसऱ्या गावी. आणि ऑफिसात कळवलं तर ह्यांच्या जागी दुसरा येणार, मग तो हलायचा नाही. ह्यांनी मला म्हटलं, “तू जा. काही नाही त्यात. खांबावरचे पट्टे मोज आणि ये, मी लिहीन.”

मी गेले. खांबावर आकडे होते रंगवलेले, पण मला आकडे काय आणि चिमणीचे पाय काय, सारखेच. मोजता मात्र येतं, तीसपर्यंत काय, तीनशेपर्यंत मोजेन. पायरीवर उभी राहिले, बोटानं वरून खाली मोजत आले ते पाण्यापर्यंत. दिसले तेवढे मोजले. अर्धा असला तर सोडला. घरी येऊन सांगितलं, “पंधरा.” ह्यांनी लिहिलं, पंधरा.

कळलं का तुला? नाही कळलं. मलाही पाच महिने कळलं नव्हतं. अगं, तुझे आजोबा पाण्याखालचे धरायचे. पाणी कितव्या पट्ट्यापर्यंत चढलंय ते, खालून वर. आणि मी धरत होते वरचे, कोरडे राहिलेले. पाणी चढलं की माझे पट्टे कमी व्हायचे, उतरलं की वाढायचे. रोज सकाळी आठला मी नदी उलटी करून घरी आणायची आणि हे ती सुंदर अक्षरात वहीत लिहायचे.

त्यांना संशय आला नाही असं नाही. पाऊस धो धो पडत होता आणि मी सांगितलं, “दहा.”

हे म्हणाले, “दहा? एवढ्या पावसात? नीट बघितलंस ना?”

मी दमून, भिजून आलेली. म्हटलं, “मी डोळ्यांनी बघून आले, तुम्ही खाटेवरून बघताय. जा ना मग स्वतः, लंगडत!”

मग म्हणाले, “धरणवाल्यांनी दार लावून धरलं असेल वर.” पाऊस थांबल्यावर मी “वीस” सांगितलं, तर म्हणाले, “आता सोडलं वाटतं.” नवरा-बायकोच्या भांडणात धरणवाले बिचारे फुकट बदनाम. ह्यांची खाट मागच्या खोलीत, तिथून नदी दिसायची नाही. त्या वर्षी पूर आला नाही, पाणी मधल्यामधेच खाली-वर झालं, नाहीतर तेव्हाच उघडं पडलं असतं. वरच्या ऑफिसात नक्कल जात होती दर महिन्याला. तिथं कुणी उघडून बघितली असती तर? कुणी बघितली नाही.

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी हे काठी टेकत स्वतः गेले. परत आले ते उंबऱ्यावरच बसले. मला हाक मारली.

“अगं, तू कोरडे मोजत होतीस?”

“मग काय ओले मोजू? पाण्याखालचे दिसतात होय कुणाला?”

हे हसले. इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, काठी हातातून पडली. मीही हसले, मला वाटलं संपलं. मग ह्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. वहीत खाडाखोड चालत नाही. बरं, चूक सांगायची तर आधी हे सांगावं लागणार की पाच महिने मी गेलोच नाही, बायकोला पाठवत होतो. मला म्हणाले, “कुणी विचारलं तर सांगू.” रोज वाटायचं आज विचारतील, उद्या विचारतील. कुणी विचारलं नाही. तेवीस वर्षं. आणि शेवटी विचारलं कुणी, तर आभाळातल्या फोटोनं.

थांब, जरा पाणी दे. हं.

आता तुला वाटेल, म्हातारीनं आठ रविवार का तोंड उघडलं नाही. मला तरी दुसरं काय वाटतंय? पहिल्या रविवारी वाटलं, सापडेल तिचं तिला. दुसऱ्या रविवारी तिनं तारखांचा घोळ असेल म्हणून सगळे फोटो पुन्हा मागवले. तिसऱ्या रविवारी वखारीचे पत्रे पुन्हा तपासले. चौथ्या रविवारी धरणावर फोन केला, त्या वर्षीच्या दारांचा हिशेब मागितला. तिथला माणूस म्हणाला, बाई, तेवीस वर्षांपूर्वीचं माझ्या सासऱ्यांना विचारा. ती आदळआपट करत होती आणि मी समोर बसून शेंगा सोलत होते. एकदा तर तोंडापर्यंत आलं होतं. म्हटलं, “अगं, त्या वर्षी तुझे बाबा...” तिनं मधेच तोडलं. “बाबांचं काही नाही आई, बाबांचे आकडे देवासारखे आहेत. चूक माझी आहे. माझ्या गणितात आहे.” आणि त्या काचेकडे बघितलं. मी पुढची शेंग सोलायला घेतली.

पण या आठवड्यात गळ्याशी आलं. साहेबांनी तिला बोलावलं. साहेब वाईट नाहीत हो, हे लिही, वाचतील ते. त्यांनी तिला सरळच विचारलं, “मॅडम, एकतर तुमचं गणित चूक, नाहीतर ती वही चूक. वहीची शक्यता बघितलीत का?”

आणि ही माझी पोरगी काय म्हणाली असेल? “सर, ती माझ्या वडिलांची वही आहे. ती चुकायची नाही.”

म्हणजे माणसानं दार उघडून दिलं आणि हिनं स्वतःच्या हातानं कडी लावली.

साहेब म्हणाले, “मग गणित चूक. असल्या गणितावर खालच्या वस्तीला मी इशारे पाठवू? उद्या उलटाच इशारा गेला तर? सोमवारच्या बैठकीपर्यंत लेखी काही असेल तर आणा. नाहीतर हे काम बंद, तुम्हाला दुसरं देतो.”

हे तिनं मला फोनवर सांगितलं. रडली असती तर बरं झालं असतं. चिडलीही नाही. नुसतं म्हणाली, “जाऊ दे आई, दोन वर्षं गेली तर गेली. मावशीला सांग, स्टूल जपून ठेव.” आणि ठेवला फोन. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यावर नाही, ह्यांच्यावर नाही, माझ्यावर. पाच महिने उलटं मोजलं ते अडाणीपणानं, त्याचं मला काही वाटत नाही. आठ रविवार गप्प बसले ते काही अडाणीपणानं नाही.

मी उलट फोन केला होता, तुझ्यासमोरच केला ना? पहिलंच वाक्य बोलले, “वही चुकलीय,” तर म्हणाली, “आई, माझी समजूत काढायला बाबांवर नको ढकलूस,” आणि बंद केला. आता उचलतच नाही. आणि उद्या रविवार असून येणार नाही म्हणाली. म्हणून हा कागद. साहेबांना लेखी हवंय ना? हे घ्या लेखी.

आता कामाचं, हे स्वच्छ अक्षरात काढ. त्या पाच महिन्यांतला वहीतला प्रत्येक आकडा तिसातून वजा करायचा. उरेल ते पाणी. पंधरा लिहिलं असेल तर पंधराच, म्हणून सुरुवातीला कुणाला कळलं नाही. दहा असेल तिथं वीस. वीस असेल तिथं दहा. मी पहिल्यांदा गेले त्याच्या आदल्या दिवशीच्या आकड्यापुढं चहाचा डाग आहे, वहीवर ह्यांचा चहा सांडला होता, प्लास्टर घालून आले त्या संध्याकाळी. तिथून पुढं माझं. आणि शेवटी एका रात्रीत नदी दहा पट्टे खाली पडलेली दिसेल, तिथून पुन्हा ह्यांचं. आणखी एक, हेही लिही, आता लपवून काय करायचं आहे. त्यात लागोपाठ दोन दिवस एकच आकडा आहे, अकरा आणि अकरा. त्यातल्या दुसऱ्या दिवशी मी गेलेच नव्हते. अंगात ताप होता, दाराशी उभी राहून कालचाच सांगितला. ह्यांनाही ते माहीत नव्हतं. तो दिवस सोडून द्या म्हणावं.

हे खोटं वाटत असेल तर तिचे ते सात ठिपके वजा करून बघावेत. चढले नाहीत तर म्हणा मला खोटारडी.

झालं? वाचून दाखवू नको, मला परत ऐकायचं नाही. दे, अंगठा कुठं लावू? इथं? लाव गं नीट... हां.

आता हे पाकिटात घाल आणि सकाळच्या पहिल्या बसनं जा. आत्याच्या खोलीवर जायचं, ऑफिसात नाही. तिच्याच हातात द्यायचं, साहेबांच्या नाही. साहेबांना दाखवायचं की नाही ते तिनं ठरवायचं, वडील तिचे आहेत. ती काच भिंतीवर ठेवायची की उतरवायची, तेही तिच्यावर, मी हात लावणार नाही. आणि दार उघडल्या उघडल्या पाकीट देऊ नकोस. आधी हा डबा दे. तिला म्हणावं, आजीनं सांगितलंय, आधी जेव, मग वाच. नाहीतर वाचेल आणि ताट ढकलून पेन्सिल शोधायला लागेल.